न्हाणीतली भाषा

बालवाडीच्या प्रवेशअर्जात हल्ली एक प्रश्न हमखास असतो: मूल शौचाला स्वतःचे स्वतः जाते काय? पुढे दोन चौकटी असतात, एक होकाराची आणि एक नकाराची. माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवासाठी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खाजगी बालवाडीचा असा अर्ज गेल्या वर्षी मी भरून दिला. अर्ज कन्नड आणि इंग्रजीत होता. मुलाच्या आईला कन्नड ऐकून समजते पण वाचता येत नाही, आणि इंग्रजी जेमतेम येते. म्हणून निवृत्त प्राथमिक शिक्षक या नात्याने ते काम माझ्याकडे आले. मुलगा तेव्हा साडेचार वर्षांचा होता आणि तो स्वमग्न (इंग्रजीत ऑटिस्टिक) असल्याचे निदान होऊन वर्ष उलटले होते. आम्ही खरे ते लिहिले. चार दिवसांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ असा निरोप आला. निरोप सांगणाऱ्या बाई सौजन्याने बोलल्या, आणि तीस मुलांमागे एकच मदतनीस असल्याची त्यांची अडचणही खोटी नव्हती. तरीही त्या दोन चौकटी माझ्या मनातून गेल्या नाहीत, कारण जी गोष्ट येत नाही म्हणून मुलाला दारातून परत पाठवले जाते, ती गोष्ट त्याला शिकवणे हे नेमके कोणाचे काम, याचे उत्तर अंगणवाडीपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत कोणीही मला धड देऊ शकले नाही.

जेवणे, हात धुणे, दात घासणे, अंघोळ, कपडे घालणे, केस विंचरू देणे, नखे कापू देणे, शौचाला जाणे आणि नंतर स्वच्छ होणे, या सगळ्याला मराठीत आपण शिक्षण म्हणत नाही, वळण म्हणतो; आणि वळण हे शाळेत शिकवायचे नसते, ते घरात लागते, असे धरून चालतो. यातले ‘लागते’ हे क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे. सवय लागते, लळा लागतो, तसे वळण लागते, म्हणजे मूल पाहत राहते आणि कोणी मुद्दाम न शिकवता ते त्याच्या अंगी येते. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत हे खरेही आहे. स्वमग्न मुलाची अडचण येथेच सुरू होते. दुसऱ्याकडे पाहून, त्याची नक्कल करून, त्याने शाबासकी द्यावी म्हणून शिकण्याची जी वाट इतर मुलांना आपसूक सापडते, ती याच्यासाठी अनेकदा अडथळ्यांची असते. त्याला वळण लागत नाही, ते लावावे लागते, आणि तेही एकेक क्रिया सुटी करून. म्हणून माझे म्हणणे असे आहे की स्वमग्न बालकाच्या बाबतीत वळण हाच पहिला अभ्यासक्रम मानला पाहिजे, त्याचा भार एकट्या आईवर न टाकता सार्वजनिक व्यवस्थेने उचलला पाहिजे, आणि आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात तो अभ्यासक्रम ज्या भाषेत मुलाला अंघोळ घातली जाते त्याच भाषेत शिकवला गेला पाहिजे.

वळणात शिकवण्यासारखे असे काय आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी शौचानंतर पाणी घेण्याची क्रिया एकदा मनातल्या मनात तपासून पाहावी. उकिडवे बसून तोल सांभाळायचा; उजव्या हातात पाण्याने भरलेला तांब्या घ्यायचा; तो अशा बेताने तिरपा करायचा की धार पडेल पण तांब्या एकदम रिता होणार नाही; त्याच वेळी डोळ्यांना न दिसणारा डावा हात त्या धारेखाली नेऊन स्वच्छ करायचे; आणि स्वच्छ झाले की नाही हे न पाहता, केवळ स्पर्शावरून ठरवून थांबायचे. दोन हातांची दोन वेगळी कामे, तोल, अंदाज आणि थांबण्याचा निर्णय इतके सगळे त्या अर्ध्या मिनिटात मावलेले असते. परदेशी पुस्तकांत हाच धडा कमोड आणि कागदाच्या चित्रांनी शिकवलेला असतो, आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या चित्रपट्ट्यांवरही तेच चित्र असते. आमच्या मुलाला शहरातल्या एका केंद्रातून अशीच चित्रपट्टी मिळाली होती. त्याने ती मन लावून पाहिली, आणि घरच्या संडासात कागदाची गुंडाळी दिसेना म्हणून तो आतच जाईना. स्वमग्न मुले चित्राचा आणि शब्दाचा अर्थ अनेकदा तंतोतंत घेतात, हे आम्ही त्या आठवड्यात शिकलो. मग त्याच्या वडिलांनी मोबाइलवर घरच्याच संडासाचे, घरच्याच तांब्याचे आणि घरच्याच बादलीचे फोटो काढले, बाजारातून त्यांच्या प्रती काढून आणल्या आणि दाराच्या आतल्या बाजूला ओळीने चिकटवल्या. त्या सहा फोटोंनी जे काम केले ते त्या आधीच्या तीन महिन्यांत झाले नव्हते.

जेवणाचेही तसेच आहे. ज्वारीची भाकरी एका हाताने मोडणे ही एक कला आहे. अंगठा आणि पहिली दोन बोटे घास धरतात, उरलेली बोटे भाकरी दाबून ठेवतात. आमटीभात कालवायचा तर ओल्या, गरम, चिकट पदार्थात पाच बोटे घालावी लागतात, आणि ज्या मुलाला बोटांना लागलेले ओलेपण सोसत नाही त्याला तो घास म्हणजे शिक्षा वाटते. चमच्याने खायला लागला तर आजी म्हणते, ‘आता साहेबागत खातोय बघा.’ खाऊ द्यावे. चमच्याने स्वतः खाणारे मूल हे आजीच्या हातून खाणाऱ्या मुलापेक्षा एक पायरी पुढे आहे, आणि हात भरवून खायचे की नाही हा संस्कृतीचा प्रश्न नंतर सावकाश सोडवता येतो.

या मुलांच्या संवेदना वेगळ्या असतात ही गोष्ट नवी नाही. स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून केले तेव्हाच मोठ्या आवाजांनी घाबरणारी आणि अन्न नाकारणारी मुले त्यांनी नोंदवली होती. तरी आवाज, स्पर्श, वास, चव यांबाबतचा हा वेगळेपणा अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत स्वतंत्र लक्षण म्हणून आला तो २०१३ साली. मधल्या सत्तर वर्षांत किती मुलांना हट्टी ठरवून मार खावा लागला असेल याची गणती नाही. टूथपेस्टचा फेस एखाद्याच्या तोंडात आग पेटल्यासारखा लागतो. डोक्यावर अचानक ओतलेला तांब्या एखाद्याला गुदमरवतो, पण त्याच पाण्याची धार आधी पायांवर, मग मांड्यांवर, मग खांद्यावर आली तर तो शांत बसतो. बंबातले कढत पाणी बादलीत काढून त्यात विसण घालताना आपण हाताच्या अंदाजाने जे ‘कोमट’ ठरवतो, ते त्याला चटका देणारे असू शकते. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात कपडे दिवसेंदिवस धड वाळत नाहीत. चुलीच्या उबेवर वाळवलेल्या सदऱ्याला धुराचा वास आणि शिवणीत किंचित ओल राहते. आमचा मुलगा मागच्या जुलैत सदरा अंगावर ठेवीना तेव्हा घरातल्यांनी दोन दिवस त्याला रागावून पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या आईने शिवणीवरून हात फिरवून पाहिला. हे पाहणे आधी सुचायला हवे होते, असे ती आजही म्हणते.

शरीराच्या आतून येणाऱ्या खुणांचेही असेच असते. लघवी लागल्याची जाणीव सगळ्यांना सारखी स्पष्ट होत नाही, म्हणून अशा मुलाला ‘लागली की सांग’ असे बजावून काही उपयोग नसतो. त्याला ठरावीक वेळाने, जेवणानंतर, झोपेतून उठल्यावर नेऊन बसवावे लागते. बद्धकोष्ठ या मुलांत अधिक आढळते; खाण्याच्या थोड्या आणि ठरलेल्या आवडी हे त्याचे एक कारण असू शकते. एकदा शौचाला त्रास झाला की मूल पुढच्या वेळी ते दाबून धरते, आणि दाबून धरल्याने त्रास वाढतो. अशा मुलाला शिस्त लावण्याआधी डॉक्टरांकडून त्याचे पोट साफ करून घेणे हेच पहिले काम असते. ही साधी माहिती किती घरांपर्यंत पोचते?

शिकवण्याची रीत बरीच ठरलेली आहे आणि ती महागडी नाही. क्रियेचे लहान तुकडे करायचे, आणि बहुधा शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करायची. चड्डी घालताना आईने ती मांड्यांपर्यंत आणावी आणि शेवटची चार बोटे वर ओढण्याचे काम तेवढे मुलाकडे ठेवावे. ते जमले की गुडघ्यांपासून, मग घोट्यांपासून. अशा उलट्या क्रमाने दर वेळी काम पुरे होण्याचा क्षण मुलाच्या हाती येतो, आणि पहिल्या पायरीवर अडकून रडण्यापेक्षा त्याचा फायदा मोठा असतो. मदत करायची ती मुलाच्या मागे उभे राहून, म्हणजे डावे-उजवे उलटे होत नाही. सुरुवातीला त्याच्या हातावर हात ठेवून, मग कोपराला नुसता स्पर्श करून, मग बोटाने दाखवून, आणि शेवटी काहीच न करता मनातल्या मनात दहा आकडे मोजत. नाडीच्या जागी इलॅस्टिक आणि बंदाच्या जागी मोठे बटण आले तर त्यात कमीपणा नाही. पण एक गोष्ट शिकवणाऱ्यांच्या अनुभवाला पुन्हा पुन्हा येते: हाताची मदत हळूहळू काढून घेता येते, तोंडाची मदत काढून घेणे सर्वांत कठीण जाते. ‘पाणी घे, आता साबण, चोळ, अजून चोळ’ असे दर वेळी बोलत राहिले की ते बोलणेच त्या क्रियेचा भाग होऊन बसते आणि बोलणारा नसेल तर हात थांबतात. म्हणून शब्द मोजके हवेत, आणि दर वेळी तेच हवेत.

भाषेचा प्रश्न नेमका येथे येतो. सीमाभागातल्या एखाद्या मराठी घरातले स्वमग्न मूल दिवसभरात काय ऐकते पाहा. घरी ‘हात धू’, शहरातल्या केंद्रात ‘वॉश युवर हँड्स’, आणि अंगणवाडीतल्या कार्यकर्तीची भाषा कन्नड असेल तर तिसराच शब्द. घरचे ‘पाणी’ तिथे ‘नीरु’ होते. इतर मूल हे तिन्ही शब्द एकाच क्रियेला बांधून टाकते, आणि बेळगावच्या गल्ल्यांत वाढलेली मुले तर दोन-तीन भाषांत उड्या मारतच मोठी होतात. स्वमग्न मुलालाही दोन भाषांची बाधा होत नाही. कॅनडासारख्या देशांत झालेल्या अभ्यासांत दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुले एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा मागे पडलेली आढळली नाहीत. माझी तक्रार म्हणून दोन भाषांविषयी नाहीच. अडचण अशी की या मुलांचे शिकणे जागेला, वस्तूला, माणसाला आणि शब्दाला घट्ट चिकटलेले असते, आणि एका जागी आलेली गोष्ट दुसऱ्या जागी आपोआप उमटत नाही. शहरातल्या केंद्रात, टाइल्सच्या बेसिनवर, इंग्रजी शब्दावर हात धुणारा मुलगा घरच्या मोरीत, तांब्यातल्या पाण्याने, आईच्या मराठी शब्दावर हात धुवीलच असे नाही. आईला वाटते, तिकडे करतो आणि इकडे मुद्दाम करत नाही. केंद्राला वाटते, घरी सराव होत नाही. दोघांचाही दोष नसतो.

याहून वाईट म्हणजे तो सल्ला, जो मी आमच्याच घरातल्यांना दिला गेलेला ऐकला: मुलाशी एकच भाषा बोला, आणि ती शाळेची बोला. ज्या आईला त्या भाषेत जेमतेम चाळीस शब्द येतात तिने ती भाषा बोलायची म्हणजे काय करायचे? तिने बोलणेच कमी केले. न्हाणीतली गाणी गेली, ‘बाळ माझं न्हालं गं’ यासारखे अर्थाला हलके पण लयीला घट्ट बोलणे गेले, आणि ज्या अर्ध्या तासात मूल रोज आईच्या सर्वांत जवळ असे त्या अर्ध्या तासात ‘कम’, ‘सिट’, ‘फिनिश’ एवढे तीन शब्द उरले. एखाद्या घरातून मातृभाषा काढून घेण्याचा याहून परिणामकारक मार्ग कुठल्याही सरकारला सुचला नसता, असे मला कडवटपणे वाटून गेले.

१ नोव्हेंबर १९५६ हा दिवस सीमाभागातल्या मराठी माणसाला सांगावा लागत नाही. त्या दिवशी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि आजही हा दिवस येथे काळा दिवस म्हणून पाळला जातो. त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली आणि तिच्यातून राज्यघटनेत कलम ३५०-अ आले हे मात्र आपण क्वचितच बोलतो. भाषिक अल्पसंख्याक समूहांतल्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते कलम सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. आपण या तरतुदींचा अर्थ आजवर पाठ्यपुस्तके, शिक्षक आणि फलक यांच्यापुरता घेतला. पण ज्या मुलासाठी हात धुणे हाच पहिलीचा धडा आहे, त्याच्या बाबतीत ‘मातृभाषेतून शिक्षण’ याचा अर्थ काय होतो, हे आपल्या सभांत, निवेदनांत किंवा मोर्चांत मी कधी ऐकले नाही. सीमाप्रश्नाच्या न्यायालयीन लढाईला मी कमी लेखत नाही; माझ्या पिढीचे आयुष्य तिच्या सावलीत गेले. एवढेच म्हणतो की या मुलाचे वय त्या निकालासाठी थांबणार नाही.

यावर कन्नड मित्र एक रास्त प्रश्न विचारतील: कर्नाटकात राहायचे तर या मुलाला कन्नड लागणार नाही काय? लागेल. बसमध्ये, दवाखान्यात, उद्या एखाद्या कामावर, त्याला कन्नड लागेल आणि त्याने ते शिकावे. आधी क्रिया घरच्या शब्दावर पक्की व्हावी, मग त्याच क्रियेला कन्नड शब्द जोडावा, एवढाच क्रम मी मागतो आहे. आणि हाच न्याय मिरज किंवा सोलापूरकडच्या कन्नड घरातल्या स्वमग्न मुलालाही लागू व्हावा. फोटोंच्या पट्टीला तर भाषाच नसते. कन्नड कार्यकर्ती आणि मराठी आई यांनी एकच पट्टी वापरली आणि तिच्याखाली दोन्ही लिप्यांत एकेक शब्द लिहिला, तर त्या कार्यकर्तीला मराठीचे दहा शब्द शिकायला आठवडा पुरतो.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो. ‘आधी बोलू तर लागू दे, बाकीचं येईल मागनं.’ बोलण्याची ओढ मी समजू शकतो. ‘आई’ ही हाक ऐकायला आसुसलेल्या बाईला बटणाचे महत्त्व पटवणे निर्दयपणाचे वाटते. पण बोलणे आणि स्वावलंबन यांची अशी रांग नसते. न बोलणारी मुले स्वतःची अंघोळ करायला शिकतात, आणि उलट, घडाघडा बोलणारी, पाढे पाठ म्हणणारी, कॅलेंडरमधला वार तोंडी सांगणारी मुले दहाव्या वर्षीही आईकडून दात घासून घेतात. बुद्धी आणि रोजचा व्यवहार यांच्यातली ही दरी स्वमग्नतेच्या अभ्यासकांना चांगली परिचयाची आहे. बुद्ध्यंक चांगला असलेल्या मुलांतही ती दिसते. व्यवहारातली ही प्रगती मोजण्याचे आपल्याकडचे जुने साधन म्हणजे व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी. एडगर डॉल यांनी ती अमेरिकेत तयार केली आणि तिचे भारतीय रूप ए. जे. मालिन यांनी केले ते नागपुरात, हे मराठी वाचकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. तिच्या आठ विभागांपैकी तीन विभाग स्वतःचे काम स्वतः करण्याविषयीचे आहेत: एक सर्वसाधारण, एक जेवणाचा, एक कपड्यांचा. उलट, स्वमग्नतेच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारने २०१६ साली मान्य केलेल्या भारतीय श्रेणीत चाळीस विधाने आणि सहा विभाग आहेत, आणि त्यात स्वावलंबनाचा विभाग नाही. निदानासाठी तो लागत नसेलही. पण घरी येते ते प्रमाणपत्र आणि त्यावरचा आकडा; आई त्या आकड्याकडे पाहत बसते, आणि सोमवारी सकाळी नेमके काय शिकवायचे हे तो आकडा तिला सांगत नाही.

मायेविषयी लिहिणे अवघड आहे. आमच्याकडे एकत्र कुटुंबात मुलाला भरवायला आजी असते, न्हाऊ घालायला काकू असते, आणि बूट घालून द्यायला आजोबा वाकलेलेच असतात. मुलात काही उणे आहे असे कळले की ही माया दुप्पट होते, आणि मुलाच्या हाताला करायला काही उरत नाही. सकाळी साडेसातची बस गाठायची असेल तर आईही स्वतःच चड्डी वर ओढते. दहा आकडे मोजत थांबायला तिच्याकडे सकाळी दहा सेकंद नसतात. म्हणून शिकवण्याची वेळ सकाळची नसावी, संध्याकाळची किंवा रविवारची असावी, आणि सकाळी खुशाल करून द्यावे. हे सगळे मी आयांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. आईच्या कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होते, असे पाश्चात्त्य तज्ज्ञांनीच एके काळी जगाला सांगितले होते आणि ते खोटे ठरायला १९६० चे दशक उजाडावे लागले. तेव्हा कोरडेपणाचा आरोप होता, आता आपण अतिमायेचा करू नये.

दुसऱ्या बाजूचीही एक चूक सांगितली पाहिजे. स्वावलंबनाच्या नावाखाली मुलाला दाबून धरून दात घासणे, रडत असताना नखे कापणे, ‘सवय होईल’ म्हणून कढत वाटणारे पाणी ओतणे, हे शिक्षण नव्हे. ज्याचा स्पर्शाला नकार रोज मोडून काढला जातो, ते मूल पुढे नको असलेल्या स्पर्शालाही नकार देत नाही. या मुद्द्यावर पालकसभांत आवाज खाली जातो, म्हणून तो स्पष्ट लिहितो: दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला धुण्यापुसण्यासाठी जितक्या अधिक माणसांवर अवलंबून राहावे लागते, तितका त्यांना धोका अधिक असतो, आणि ज्याला बोलता येत नाही त्याची तक्रार कोणाच्या कानावर जात नाही. स्वतः पाणी घेता येणे हे मोठेपणीचे संरक्षण आहे, आणि ते पाचव्या-सहाव्या वर्षीच शिकवायला घ्यावे लागते.

मग हे काम कोणी करायचे? कायद्याच्या कागदावर बरेच काही आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत ते आहे. पण त्या कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतचा आहे; वळण शिकवण्याचा सर्वांत सुपीक काळ त्याआधी निघून जातो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत येऊन मुले तपासतात आणि विकासात मागे वाटणाऱ्या मुलांना जिल्ह्याच्या हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे अशा अडचणींवर लवकर उपाय सुरू करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यातून बेळगावला एक फेरी म्हणजे घरातल्या एका माणसाची मजुरी बुडते, आणि तिथे पाऊण तासात शिकवलेले घरच्या मोरीत उतरत नाही हे वर सांगितलेच आहे. तपासणीची यंत्रणा आहे, शिकवण्याची यंत्रणा घराजवळ नाही.

घराजवळ जी आहे ती अंगणवाडी. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. लवकर ओळखणे, अंगणवाडीत सामावून घेणे, कुटुंबाला बळ देणे आणि पुढे पाठवणे, असा तिचा आराखडा आहे. यातल्या ‘कुटुंबाला बळ देणे’ या शब्दांना हात-पाय फुटायचे असतील तर मार्ग उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने विकासात मागे असलेल्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण तयार केले आहे: नऊ गटबैठका आणि तीन गृहभेटी. ते देण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, प्रशिक्षित कार्यकर्ता पुरतो. आणि असा कार्यकर्ता काय करू शकतो याचा पुरावा चोर्ला घाटापलीकडेच आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून पासष्ट स्वमग्न मुलांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन पालकांना शिकवले, आणि पालकांचे मुलाशी वागणे व मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करणे, दोन्ही सुधारले. त्या चाचणीचा विषय संवाद होता, अंघोळ-जेवण नव्हता, आणि तिच्यावर माझे म्हणणे सगळेच्या सगळे उभे करता येणार नाही. पण घरच्या भाषेत, घरात येऊन, साध्या शिक्षणाच्या माणसाने पालकांना शिकवता येते एवढे तिने दाखवले. तीन गृहभेटींपैकी एक भेट न्हाणीत व्हावी, ही माझी त्यात भर.

राज्याची राजभाषा कन्नड असल्यामुळे प्रशिक्षणाचे साहित्य कन्नडमध्ये येणार हे उघड आहे, आणि त्याचे मराठी रूप सरकारने करावे ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण मला दिसत नाही. सीमाभागात मराठी महिला मंडळे आहेत, वाचनालये आहेत, पतसंस्था आहेत, निवृत्त शिक्षकांची तर फौज आहे. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटणाऱ्या मंडळाने एका वर्षी बारा फोटोंची पट्टी वाटली तर कोणाच्या घरातला डबा कमी पडणार नाही. पट खाली येऊन वर्ग रिकामे पडलेल्या आपल्या मराठी शाळांतली एक खोली, तिच्यालगतचा वापरातला संडास, एक बादली आणि शनिवारची दुपार, एवढ्यावर पाच पालकांचा गट सुरू होऊ शकतो.

हे मी उपदेश म्हणून लिहायला पात्र आहे असे नाही. १९९० च्या दशकात मी शिकवत होतो त्या शाळेत एका बाईने आपल्या मुलाला पहिलीत घालायला आणले होते. मुलगा बोलत नव्हता आणि त्याची चड्डी ओली होती. मी तिला म्हणालो, ‘वहिनी, जरा मोठा होऊ दे, मग आणा.’ तिने पुन्हा आणले नाही. स्वमग्नता हा शब्द तेव्हा मला माहीत नव्हता. माहीत असता तरी मी वेगळा वागलो असतो, असे छातीठोकपणे सांगवत नाही.

बहिणीचा नातू आता साडेपाच वर्षांचा आहे. बालवाडीचा अर्ज या वर्षी पुन्हा आणला, प्रश्न तोच आहे. मुलगा संडासात स्वतः जातो, चड्डी स्वतः काढतो आणि घालतो. पाणी घेणे दोनदा केले तर एकदा जमते. तांब्या कोणीतरी भरून ठेवावा लागतो, आणि उठायच्या वेळी बाहेरून एकदा ‘झालं?’ असे विचारावे लागते, तेही याच शब्दात. त्याच्या आईने दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्या आणि हे सगळे समासात मराठीत पाच ओळींत लिहिले. मी त्याखाली त्याचे कन्नड भाषांतर लिहून दिले आहे. अर्ज सोमवारी द्यायचा आहे.